दुसऱ्याची ओ

"आई चालायला लागली की काय गं?"

सुमंतने हे इतक्या सहज विचारलं, की त्यात काही वावगं आहे हे स्वानंदीच्या पटकन ध्यानातच आलं नाही. तो पुण्यात आपल्या खोलीत बसून बोलत होता आणि ती इकडे कोयनानगरला, त्याच्याच आईच्या घरात, त्याच्याच जुन्या लॅपटॉपसमोर बसून हेडफोनमधून ऐकत होती. पडद्यावर एका बंद पडलेल्या कारखान्याचा अंधारा जिना होता. जिन्याखाली तिचा शिपाई भिंतीला चिकटून उभा होता.

"नाही रे दादा, आत्या आत पडलीय. का?"

"तुझ्याकडून पावलं ऐकू येतायत. गेममधली नव्हेत, तुझ्या माईकमधून येतायत. तुझा शिपाई चालला की चालतात, थांबला की थांबतात. फक्त एक पाऊल उशिरा."

स्वानंदीने एका कानावरचा हेडफोन सरकवून मागे पाहिलं. मधल्या दाराच्या फटीतून पलंग दिसत होता, उशीवरचं आत्याचं पांढरं डोकं दिसत होतं. वॉकर भिंतीला टेकून होता, तिनेच दुपारी ठेवला होता तसा. ऊन डोंगराआड गेलं होतं आणि जलाशयावरचं धुकं हळूहळू वर चढत होतं. घरभर मालिशच्या तेलाचा वास कोंदला होता.

"पत्रा निवतोय," ती म्हणाली. "संध्याकाळी तडतडतो तो."

"हां, तसंच असेल. चल, पुढं हो. पळू नकोस."

स्वानंदी मूळची सांगलीची. बी.एस्सी. झालेली, पुढे काय करायचं ते न ठरलेली आणि स्वभावाने कमालीची भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर किंचाळायची. विनोदिनीआत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सोबतीला कोण, असा प्रश्न आला, तेव्हा घरात रिकामी तीच होती. आत्याचे यजमान धरणाच्या प्रकल्पात होते. ते गेले तरी आत्याने कोयनानगर सोडलं नाही. वसाहतीच्या टोकाला, उतारावर एक जुनी चाळ होती, दगडी जोत्याची आणि पत्र्याच्या छपराची. त्यातलं शेवटचं घर तिचं.

या चाळीत जागेपणी कुणी दार लावून घेत नसे. जमीन कधी हलेल याचा नेम नाही आणि हलली की चौकट आवळते. म्हणून प्रत्येक उंबऱ्याशी एक गुळगुळीत नदीगोटा दाराला अडसून ठेवलेला असे. "तो गोटा हलवायचा नाही," हे आत्याने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

आता या गेमचं सांगायचं तर त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. सुमंत त्याला नुसतं 'फेरी' म्हणायचा. इतर खेळांत मेलं की माणूस पुन्हा उभा राहतो. इथे मेलं की अंगावरचं, पाठीवरचं सगळं जातं. आत उतरायचं, सापडेल ते पिशवीत घालायचं आणि वेळेत बाहेर पडायच्या दाराशी पोचायचं. पोचलं तर आपलं, नाही तर मातीमोल. "तू सारखी दचकतेस ना, मग हेच खेळ," सुमंत म्हणाला होता. "भीतीला शिस्त लागते."

आणि खरोखरच त्याने तिला शिस्त लावायला घेतली होती. नवख्याने म्हणे जवळजवळ रिकाम्या हाताने उतरावं. जे गेलं तर रडू येणार नाही तेवढंच बरोबर घ्यावं. सगळे नकाशे धुंडाळत बसू नये, एकच धरावा आणि आपल्या घरासारखा पाठ करावा. "काहीही उचलण्याआधी बाहेरचं दार कुठाय ते बघायचं, स्वानंदी. आधी दार, मग माल." थांबायचं, ऐकायचं, मग हलायचं, डोळ्यांआधी कानांवर भरवसा ठेवायचा. पिशवी भरली की निघायचं, 'अजून एकच खोली बघू' म्हणणारा त्याच खोलीत राहतो. शिपायाच्या अंगावर एक लहानसा खण असे. त्यात ठेवलेलं मेल्यावरही जात नसे. सुमंत त्याला कनवट म्हणायचा. "कनवटीला बांधलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही," तो हसत सांगायचा.

एक नियम मात्र तो पुन्हापुन्हा घोकून घ्यायचा. "जोडीदार पडला, ओरडायला लागला, की लगेच त्याच्याकडे धावायचं नाही. ज्याने त्याला पाडलंय तो तिथंच टपून असतो. पडलेला माणूस म्हणजे आमिष. आधी आडोसा धर, कान दे आणि मग..."

त्या संध्याकाळी तो इथवरच आला होता.

पडद्यावर कुठूनतरी गोळी सुटली आणि सुमंतचा शिपाई गुडघ्यावर कोसळला. "पडलो! पडलो मी! येऊ नकोस एवढ्यात..." त्याच वेळी खालून गुरगुर ऐकू आली. जड गाडी घाट चढते तशी. स्वानंदीला वाटलं, गेममधलीच. मग टेबलावरचा चहाचा कप आपोआप कडेकडे सरकायला लागला. फळीवरची भांडी थरथरली. दिवे गेले.

"स्वानंदी..." आतून आत्याची हाक आली. "स्वानंदी, मला धर गं..."

कानात सुमंत तुटक तुटक बोलत होता, "धावू नकोस... धावू नकोस..." आणि मग तोही गेला.

पुढचं तिने ठरवून केलं नाही. पायांनीच केलं. बाहेरचं दार पाठ होतं. खुर्ची उलटली, हेडफोन मानेवरून ओघळला, आणि उंबऱ्यावरून तिचं पाऊल बाहेर पडलं तेव्हा मागून आणखी एक हाक आली. ती तिला ऐकू आली. नीट ऐकू आली. या एका गोष्टीवर पुढे कितीही विचार केला तरी तिला खोटं बोलता आलं नाही.

बाहेर चाळ गोळा झाली होती. धुकं इतकं उतरलं होतं की शेजारचा माणूस नुसता सावलीसारखा दिसावा. जमीन हलायची थांबली होती. आणि मग हरिबाचा आवाज आला. हरिबा चाळीतला सगळ्यात म्हातारा. धक्का बसला की सगळ्यांनी अंगणात यायचं, हरिबाने घरोघरची नावं पुकारायची, ज्याने त्याने आपली ओ द्यायची, आणि हरिबा म्हणेपर्यंत कुणीही घरात पाऊल टाकायचं नाही, ही इथली जुनी रीत. आत्याने सांगितली होती. सुमंतही लहानपणापासून तीच शिकलेला. म्हणून तर खेळातसुद्धा बाहेरच्या दाराशी तो तिला नावाने हाक मारायचा आणि ओ आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही.

"नानासो..."

"ओ!"

"रेश्मा..."

"ओ, पोरगं बी हाय कडंवर."

"विनोदिनीबाई..."

आता सगळी तोंडं आपल्याकडे वळणार. आत्या कुठाय? आत? आणि तू? तू बाहेर? त्या एका क्षणात स्वानंदीला वाटलं, आत्ता वेळ मारून न्यावी, मग कुणाचं लक्ष नाही असं बघून पटकन आत जाऊन आत्याला उठवावं. तिने मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं,

"ओ."

"काकूला खुर्ची आणू का?" धुक्यातून शेजारच्या रेश्मावहिनीने विचारलं.

"नको. पायरीवर बसलीय ती."

एका खोट्यावर दुसरं खोटं. पुढे तिचं स्वतःचं नाव आलं, तिने ओ दिली. मग हरिबाने थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, आणखी एक नाव घेतलं.

"राहीबाई..."

"ओ..."

कोणीतरी मागून, आत्याच्या घराच्या बाजूने दिली. आणि सगळी चाळ एकदम गप्प झाली. रेश्माचं पोर तेवढं कुरकुरलं. हरिबाने बॅटरी वर केली, धुक्यात नुसताच पांढरा गोळा उभा राहिला. स्वानंदीला वाटलं, झालं, आपलं बिंग फुटलं. पण हरिबाने बॅटरी खाली घेतली. मग म्हणाला, "बसा जरा समदी भाईर. आजून एकादा धक्का यील."

ती बसली. दाराकडे बघत बसली. सगळ्यांदेखत आत जावं तर खोटं उघडं पडणार होतं, न जावं तर... न जाणंच तिने केलं. हरिबाने "जावा आता" म्हटलं तेव्हा ती धावत आत गेली. आत्या पलंगाखाली फरशीवर होती. एक हात अंगाखाली मुडपलेला. डोळे उघडे.

"आलीस?" एवढंच ती म्हणाली.

हात मोडला नव्हता, लचकला होता. दुसऱ्या दिवशी सुमंतचा फोन आला तेव्हा आत्याने फोन कानाला लावून सांगितलं, "काही नाही रे, जरा पाय घसरला. स्वानंदी होती ना जवळ, म्हणून निभावलं." हे ऐकताना स्वानंदी दारात भांडं घासत उभी होती. आत्याने रागावलं असतं, दोन शब्द सुनावले असते, सांगलीला फोन करून 'तुमची मुलगी घेऊन जा' म्हटलं असतं, तरी परवडलं असतं. या एका वाक्याने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

त्यानंतर ती आत्याची सेवा अशी करायला लागली, की कुणी बघितलं तर तोंडात बोट घालावं. पाय चेपून दे, ऊन पाणी दे, भाकरी दुधात कुस्करून दे. फक्त आत्याच्या डोळ्यांकडे तिला बघवत नसे. आणि आत्यानेही एक गोष्ट सोडली होती. आत्या तिला हाक मारत नसे. काही हवं असलं की उशाजवळच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची. टिंग, टिंग. 'स्वानंदी' हे नाव काही त्या खोलीतून परत आलं नाही. आत्याने ती ओ ऐकली होती का? भिंती दगडी, पण खिडकी उघडी होती. विचारायचा धीर तिला झाला नाही. ती लाज तिच्याजवळ राहिली, कनवटीला बांधल्यासारखी.

एक दिवस रेश्मावहिनी डाळ निवडायला म्हणून ओट्यावर येऊन बसली. मोठ्या गळ्याची, हसरी बाई.

"काय गं," ती सुपातला खडा उडवत म्हणाली, "त्या दिशी राहीबाईला ओ तू दिलीस व्हय?"

"मी? नाही."

"मग कुनी दिली? हरिबामामा लय तापल्यात. म्हनत्यात, सांगलीच्या पोरीला चेष्टा सुचती."

"वहिनी, खरंच मी नाही. कोण आहे राहीबाई? कुठल्या घरात राहते?"

रेश्माने हातातलं सूप खाली ठेवलं. "ऱ्हाती न्हवं. ऱ्हात हुती. सदुसष्टच्या भूकंपाआदी. हितंच, या जोत्यावर तिचं घर हुतं. तवा बी अशीच नावं पुकारली म्हनं. हरिबामामाचा बा पुकारायचा. राहीबाईचं नाव आलं, आन् सुनंनं ओ दिली. भ्याली आसंल, म्हातारीला टाकून आली म्हनून. म्हनली, हायत की माज्या मागं. मग काय, मानसं पुरी झाली. कोन कशाला आत बगतंय? सकाळी ढिगाऱ्याखाली..." ती थांबली. "हात उंबऱ्याला लागल्याला म्हनं."

स्वानंदीच्या हातातली डाळ तशीच राहिली.

"म्हनून आजून तिचं नाव घेत्यात शेवटाला. कुनी ओ द्यायची न्हाई. गप ऱ्हायचं, म्हंजी मानसं बरुबर हायत. आन् एकाची ओ दुसऱ्यानं देऊ ने, आसं म्हनत्यात. दिली की ते नाव रिकामं ऱ्हातंय. मग त्यात कुनीबी यून बसतंय." आणि एकदम खो खो हसत ती उठली. "आगं, रडाय काय लागलीस! मी शिराळ्याची, नागाला न भ्येनारी. पर त्या नावाला मीबी भ्येते बाई. बरं, काकूला संध्याकाळचं खुर्चीसकट आमच्या अंगनात न्हेत जाऊ का? आमचं मालक आन् मी दोगं उचलतो. जरा वारं लागंल."

"न्या ना," स्वानंदी म्हणाली. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. रेश्मा वळेपर्यंत ते परत खाली गेलं.

गेम तिने सोडला होता. सुमंतच मागे लागला. रविवारी दुपार कलताना त्याचा फोन आला. "अगं, एकदा मेलं म्हणून कुणी खेळ सोडतं का? नवखे तिथंच चुकतात. आणि त्या दिवशी माझा नियम अर्धाच राहिला. आधी आडोसा, मग कान द्यायचा, आणि मग परत जायचं. जोडीदाराला टाकून यायचं नाही, स्वानंदी. उशीर झाला तरी परत जायचं. नाही तर मग नियम कसला, पळपुटेपणाच की."

ती बसली खरी, पण दाराकडे तोंड करून, एक कान उघडा ठेवून. आत पेला वाजला तर ऐकू यावं म्हणून. उंबऱ्याशी गोटा जागच्या जागी आहे हेही बघून घेतलं. खेळता खेळता कधी दुसऱ्या कानावरही हेडफोन ओढला गेला, ते तिला कळलं नाही.

त्या फेरीत त्यांचं सगळं बरोबर चाललं. हळू चालले, कुणाच्या वाटेला गेले नाहीत, पिशव्या अर्ध्या भरताच वळले. बाहेरचं दार समोर आलं. बाहेर दिवेलागण झाली होती. पडद्याचा निळा उजेड तिच्या हातांवर पडला होता.

"स्वानंदी?" सुमंतने नेहमीप्रमाणे हाक दिली.

"ओ."

"ओ..."

"दोनदा कशाला?"

तिने कीबोर्डवरचे हात उचलले.

"आणि ती पावलं पुन्हा येतायत बघ," सुमंत म्हणाला. "आता मात्र तू थांबल्यावरही थांबत नाहीयेत..."

गुरगुर. या वेळी ती लगेच ओळखू आली. टेबल उडालं, फळीवरचे डबे धडाधड खाली आले, दिवा गेला, सुमंत गेला. जमीन कुणीतरी चाळणीत धरल्यासारखी हलत होती. स्वानंदीने हेडफोन ओरबाडून टेबलावर टाकला. दार समोर होतं. उघडं होतं. दोन पावलांवर धुकं आणि माणसं.

"स्वानंदी..."

आतल्या खोलीतून हाक आली. "स्वानंदी... मला धर गं..."

इतक्या दिवसांनी आत्याने तिला नावाने हाक मारली. भीतीपेक्षाही आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माफ केलं आपल्याला, असंच वाटलं तिला. या वेळी पायांना तिने विचारलंच नाही. ती उलटी वळली आणि अंधारात, भिंतीला हात लावत, आत धावली.

"आले, आत्या! आले मी!"

पलंग चाचपला. चादर गार होती. उशी, पायथ्याची गोधडी, उशाचा पेला, त्यातला चमचा. पलंगाखालची फरशी तिने दोन्ही हातांनी चाचपली. कोणी नव्हतं. भिंतीशी वॉकर होता.

मागे दार लागल्याचा आवाज झाला.

ती तशीच बाहेरच्या खोलीत आली. लॅपटॉपच्या उजेडात दार दिसत होतं. मिटलेलं. चौकटीने गच्च आवळलेलं. तिने ओढलं, खांदा लावला, लाथा मारल्या. आणि मग तिला गोटा दिसला. तो उंबऱ्याशी घरंगळलेला नव्हता. आत, खोलीच्या मधोमध, कुणीतरी उचलून ठेवावा तसा नीट ठेवलेला होता. मागच्या दाराकडे धावली, तर त्याला बाहेरून कडी.

बाहेर माणसं गोळा होत होती. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"आवं, काकू हितं हायत!" रेश्माचा आवाज. "पोरगी गेममदी गुतल्याली, म्हनून मगाशीच मागल्या दारानं आनलं खुर्चीवरनं, कडी लावून."

आत्या बाहेर होती. आत्या सुखरूप होती. मग आतून...

"नानासो..." हरिबाने सुरुवात केली.

"ओ!"

"रेश्मा..."

"ओ!"

"विनोदिनीबाई..."

"ओ..." आत्याचाच आवाज. पाठोपाठ तिचा नेहमीचा कोरडा खोकला.

"स्वानंदी..."

तिने छाती भरून श्वास घेतला. आता ओरडायचं. दार तोडा म्हणायचं. आणि त्या दिवशीचंही सांगून टाकायचं, सगळ्यांसमोर, एकदाचं. तिने तोंड उघडलं.

"ओ."

बाहेरून आली. धुक्यातून, जरा घोगरी, जरा धापेने. तिचाच आवाज. अगदी त्या संध्याकाळी दिला होता तसा.

"आलीस का गं?" आत्या बाहेर कुणाला तरी म्हणत होती. आवाजात माया होती. "ये, बस इथं माझ्याजवळ. मला वाटलं, आतच राहिलीस... अगंबाई, हात किती गार पडलेत तुझे!"

स्वानंदीने किंकाळी फोडली. निदान तिला तरी वाटलं, फोडली. बाहेर कुणी मान वळवल्याचं जाणवलं नाही.

"राहीबाई..."

कुणीही ओ दिली नाही. अंगण शांत होतं. रेश्माचं पोरसुद्धा.

"झालं," हरिबा म्हणाला, समाधानाने. "समदी हायत. कुनी आत जाऊ नगा एवड्यात."

त्या दिवशी फरशीवर पडल्या पडल्या आत्याने काय ऐकलं असेल, ते स्वानंदीला आता कळलं. अक्षर न् अक्षर कळलं. आत्याने तेव्हा हाका मारल्या असतील का? किती? बाहेरचं सगळं आत येत होतं. आतलं काही बाहेर जात नव्हतं.

"आत्या..." ती खिडकीखाली उभी राहून ओरडली.

बाहेर रेश्मा कशावर तरी हसली.

"आत्या... मी इथं आहे... ती मी नाही..."

लॅपटॉपचा पडदा विझला. काळोखात तेलाच्या वासाबरोबर आता ओल्या मातीचा वास येत होता, जुन्या भिंतीच्या पोटातल्या मातीसारखा. ती भिंतीला धरून दाराकडे सरकली. एक पाऊल. थांबली.

तिच्यामागे पावलं थांबली. एक पाऊल उशिरा.

आता ओरडायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. नुसते ओठ हलले.

"आत्या..."

हेडफोन तर टेबलावर पडला होता. तरीही अगदी कानाशी, फार दिवस वाट बघून दमलेल्या म्हाताऱ्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"ओ..."